ठिगळाच्या चादरी वरच्या मजल्यावर

इस्पितळाच्या धुलाईघरात चोवीस वर्षं काढलेल्या मावशींना लेकीनं तंबी दिली होती, डांग्या खोकल्याची लस घेतल्याशिवाय नातीला हात लावायचा नाही. नात चार दिवसांची. मावशी तिला दारातूनच बघून आल्या होत्या.

लस घ्यायला मन धजत नव्हतं. लेकीच्या जन्मावेळी टाके घालताना त्या ओरडल्या, तेव्हा गोरा डॉक्टर म्हणाला होता, "काळ्यांची कातडी जाड. यांना दुखत नाही." शिवाय कोऱ्या चादरी वर गोऱ्यांच्या मजल्यावर आणि ठिगळाच्या चादरी खाली काळ्यांच्या मजल्यावर, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"लसही ठिगळाचीच असणार," त्या म्हणायच्या.

पण कोपऱ्यातला शिक्का वाचल्याशिवाय चादरींचा गठ्ठा न हलवणारी ही बाई. वर चादरी पोचवताना त्यांनी लसीच्या खोक्यावरची मुदत वाचली, कपड्यांवर खुणा करायच्या पेनानं तळहातावर लिहिली आणि खाली येऊन नर्सपुढे हात धरला.

"वरच्या खोक्याला दोन वर्षं मुदत. तुझ्या?"

नर्सनं खोकं फिरवलं. "दीड महिना. पण मावशी, लस तीच, आजही तितकीच चांगली. मी यातलीच घेतलीय."

"मग वरच्यांना का नाही देत ही?"

नर्सही काळीच. ती म्हणाली, "तीनदा लिहून विचारलंय. उत्तर नाही."

"लिहून कशाला विचारतेस पोरी? बघ आता."

दुसऱ्या दिवशी ठिगळाच्या चादरी वर गेल्या, कोऱ्या खाली. दहाच्या आत अधीक्षक तणतणत धुलाईघरात हजर.

"हे काय चाललंय?"

"उकळून, इस्त्री करून दिल्यात साहेब. कोऱ्यांइतक्याच चांगल्या. जुन्या तेवढ्या आहेत."

"मग वर कशाला पाठवल्या?"

"लसीचं मीही हेच विचारतेय." मावशींनी तळहात पुढे केला. शाई पन्नास धुण्यांत न जाणारी.

अधीक्षकांचे कान लाल झाले. दुपारपर्यंत दोन्ही मजल्यांची खोकी एकत्र करून निम्मी निम्मी वाटली गेली. चादरीही.

"कुठल्या खोक्यातली देऊ?" नर्सनं विचारलं.

"आता कुठलीही दे," म्हणत मावशींनी बाही वर सारली. "आई गं!"

"दुखलं?"

"दुखलं. लिहून ठेव, काळ्या बाईला दुखलं."

मागे रांगेत उभ्या धुलाईघरातल्या सहाजणी खो खो हसल्या.

लस अंगी लागेपर्यंत लेकीनं आणखी दोन आठवडे थांबवलं. मग नात मांडीवर आली आणि पहिल्याच मिनिटाला मांडी ओली केली.

"आलं गिऱ्हाईक," मावशी म्हणाल्या.