सोवळ्यात गोळी चालत नाही

महालक्ष्म्या यायला तीन दिवस होते. पांढुर्ण्याच्या त्या घरात सकाळपासून करंज्यांचं तळण चाललं होतं. चुलीपुढे यमुनाकाकू. विधवा, म्हणून पूजेला हात लावायचा नाही. पण सोवळ्यातला स्वयंपाक वीस वर्षं तिच्याच माथी. देवीला हिच्या हातचं चालतं, हिचं तोंड चालत नाही. असला हा धर्म.

"उषा, काकूची लघवीची गोळी बंद कर," सासूबाई नलिनी सुनेला म्हणाल्या. "सकाळपासून पाच खेपा झाल्या तिच्या. दर खेपेला आंघोळ, दर खेपेला ओलं लुगडं. सोळा भाज्या तू करशीन का?"

"आई, त्यांच्या हृदयात जोर नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी चुकली का अंगात पाणी भरते."

"डॉक्टरच्या घरी महालक्ष्म्या बसतात का?"

काकू झारा हलवत हसली. "भरू दे बाप्पा पाणी. आंघोळीचं तर वाचते."

उषेनं गोळ्यांची पुडी डाळीच्या डब्यामागे सरकवली. लग्नाला दुसरंच वर्ष. सासूच्या तोंडाला लागायची हिंमत कुठली?

दोन दिवसांत काकूच्या पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहू लागला. तिला आडवं होता येईना. भिंतीला टेकून धापा टाकायची. उषेनं पुडी काढली, तर सासूबाईंनी हिसकावली. "जेवणाचा दिवस होऊ दे. मग मूठभर खाऊ दे तिले."

जेवणाच्या दिवशी काकूनं पुरण वाटलं, सोळावी भाजी उतरवली आणि तिथंच बसली. ओठ निळे, तोंडाला फेस. तिला आतल्या खोलीत टेकवून उषा डॉक्टरकडे निघाली, तर सासूबाईंनी वाट अडवली. "पानं वाढली आहेत. सवाष्णी जेवू दे."

पंक्तीत वरणभात कालवला जात होता, तेव्हा काकू गेली. नलिनीबाईंनी तिच्या नाकापुढे हात धरून पाहिला आणि खोलीला बाहेरून कडी लावली.

"ब्र काढू नको. सुतक लागलं तर देवी उपाशी जाईन. तूप घेऊन जा."

उषा तूप घेऊन गेली.

"पुरण कोणाच्या हातचं वो?" शेजारच्या कुसुमताईंनी विचारलं. "लोण्यासारखं उतरलं."

"यमुनाकाकूच्या. मेल्या त्या, आत्ता, आतल्या खोलीत. त्यांची गोळी बंद केली होती आम्ही. सारख्या लघवीला जायच्या न, सोवळं मोडायचं. आईंनी सांगितलं, मी लपवली."

बायकांनी हातातला घास पानात ठेवला. एकीनं आधी गिळला, मग उठली. सगळ्या मोरीकडे वळल्या.

उषेनं आतल्या खोलीची कडी काढली.

"आधी पाय पाहा त्यांचे," ती म्हणाली. "मग हात धुवा."