रेश्माच्या डाव्या दंडावर

मित्रांनो, जुनी वस्तू म्हटली की जिने बरेच पावसाळे पाहिले ती, असे तुम्हाला वाटत असेल. मी मात्र दोन आठवड्यांतच म्हातारा होतो. मी साखर मोजणारा सेन्सर आहे. नाण्याहून थोडा मोठा, पांढरा आणि गोल. माझ्या पोटाखाली केसासारखी बारीक तार असते. ती कातडीखाली शिरते आणि तिथे पेशींभोवती जे पाणी असते, त्यातली साखर मोजते. थेट रक्तातली नव्हे. हा फरक लक्षात असू द्या.

दूरदेशीच्या एका कारखान्यात, जिथे धुळीचा कणही शिरत नाही अशा खोलीत माझा जन्म झाला. तिथून मी महाडला आलो. डॉक्टरांनी मला रेश्माच्या डाव्या दंडावर, मागच्या बाजूला चिकटवले. रेश्मा पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत राहते आणि पाचवीत शिकते. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. म्हणून तिची आई स्नेहल जेवणाआधी आणि झोपताना तिला इन्सुलिनची सुई द्यायची.

"रेश्माच्या दंडाला बटण हाय. दाबलं की दिवा लागतो," वर्गातला साहिल चिडवायचा.

"दाब ना मग. तुझ्या डोक्यात उजेड पडंल," रेश्मा म्हणायची.

घरी माझे कौतुक होई. एकदा अंगणात लंगडी खेळताना तिची साखर उतरू लागली, तेव्हा मी आईच्या फोनवर वेळीच घंटा वाजवली. "ह्यो तर राखणदार हाय," आजी बयाबाई म्हणाल्या. माझ्या आधीचे भाऊबंदही याच दंडावर राबले होते. त्यामुळे बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजणारे जुने यंत्र कधीच फळीवर गेले होते. रक्ताचा थेंब ज्यावर घेतात त्या त्याच्या पट्ट्यांची मुदत संपली, तरी नव्या कोणी आणल्या नाहीत.

मग एके दिवशी शाळेत धनुर्वाताची लस द्यायला सिस्टर आल्या.

"या हाताला नको, इथं माझा सेन्सर हाय," रेश्माने सांगितले.

सिस्टरांनी लस उजव्या दंडात दिली. "ताप येईल, साखर थोडी वर जाईल. घाबरू नकोस. पण मोजत राहायचं आणि इन्सुलिन चुकवायचं नाही. आईला सांग."

रेश्माने घरी जाऊन निम्मेच सांगितले, "सिस्टर बोलल्या, साखर वर जाईल, घाबरायचं नाय."

दुपारी तिचा उजवा हात ठणकू लागला. म्हणून ती डाव्या कुशीवर झोपली. म्हणजे माझ्यावरच. दाबाने तारेभोवतीचे पाणी बाजूला सरले आणि मला साखर दिसेना. मी पंचावन्न सांगितले; सत्तरच्या खाली गेली की धोका. खरी साखर त्याहून पुष्कळ जास्त होती. आईने तिला घाईघाईने उठवून गुळाचे पाणी पाजले. ती उठून बसली, दाब गेला, आकडा वर आला. गुळानेच आला, असे सगळ्यांना वाटले.

संध्याकाळी ताप चढला. स्नेहलने इन्सुलिन काढले, तोच बयाबाई म्हणाल्या, "आज येक सुई झाली ना पोरीला? लशीच्या दिवशी दुसरी सुई लावत नाय गो."

"पण आई, ही रोजची हाय."

"मघाशी साखर किती उतरली, पायलंस ना? त्यात अंगात ताप. उद्या दे."

स्नेहलने सुई ठेवून दिली. झोपतानाचीही दिली नाही.

रेश्मा आता उताणी झोपली होती आणि मी खरे बोलत होतो. साखर तीनशेकडे, म्हणजे हवी त्याच्या दुपटीकडे, चालली होती. मी घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. "सिस्टर बोलल्याच होत्या, वर जाईल म्हणून," असे म्हणत आईने फोनचा आवाज बंद केला.

सकाळी साखर माझ्या मोजमापाच्या पलीकडे गेली होती. रेश्माला उलट्या होत होत्या. श्वास खोल आणि जोरात चालला होता, तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. इन्सुलिन नसले की रक्तात आम्ल साचते, त्याचीच ही खूण. तिचे वडील दत्ताराम कुणाची तरी जीप घेऊन आले. महाडपर्यंत ती आईच्या मांडीवर होती, शेजारी आजी. निम्म्या वाटेत तिने ओ देणे बंद केले.

"काल इन्सुलिन किती दिलं?" डॉक्टरांनी विचारले.

"मीच नको बोलले," बयाबाई खाली बघत म्हणाल्या.

"सुई माझ्या हातात होती, डॉक्टर," स्नेहल म्हणाली.

छातीचा एक्स-रे काढायचा होता आणि त्यात मी चालत नाही, म्हणून नर्सने मला ओढून काढले आणि ट्रेमध्ये ठेवले. तार बाहेर आली, आकडे थांबले. तेव्हा रेश्मा हाकेला डोळे उघडत नव्हती. पुढचे मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा वर्गात कुणाच्या दंडावर माझा भाऊबंद असेल. त्या माणसाला त्याच्यावर अंग टाकून झोपू देऊ नका. ताप असो, लस असो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन थांबवू नका. आणि आमचा आकडा नि माणसाचे अंग जुळेना, तर फळीवरचे यंत्र खाली काढा, मुदतीतली पट्टी घाला आणि बोटाचा एक थेंब तपासा. त्या दिवशी रेश्माचे बोट कुणीही टोचले नाही.