दुपारनंतरचे जबडे

वरच्या डाव्या बाजूचा सुळा किंचित बाहेर आलेला — मुद्दामच तसा बसवलेला, कारण सगळे दात शिस्तीत उभे केले की ते खोटे दिसतात, हे मास्तरांनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं — आणि त्या सुळ्याच्या मुळाशी, गुलाबी हिरडीवर, एक पांढुरका ओरखडा... कानस लावल्याचा. दंतवैद्यानं स्वतःच घासून बघितलेलं दिसत होतं, बसतेय का म्हणून. बसली नव्हती. कवळी लॅबमध्ये परत आली होती, आणि तिच्यासोबत दुसऱ्याच कुणाची तरी आणखी एक, दोन्ही एकाच डबीत, ओल्या कापसावर. वर चिठ्ठी : दोन्हींचा चावा पूर्ण चुकला आहे, एक पेशंट निवृत्त शिक्षिका आहेत, आठ दिवस त्यांचं तोंड मिटलेलं नाही. मास्तरणीचं तोंड तसंही कधी मिटतं, असा एक विनोद तिच्या मनात येऊन गेला, आणि तो आल्याबद्दल तिला काहीसुद्धा वाटलं नाही.

चूक कुणाची, हे तिला डबी उघडता उघडताच कळलं होतं. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार, दुपारचे अडीच. दोन तबकं शेजारी शेजारी, प्रत्येकात प्लास्टरचे दोन जबडे आणि त्या त्या तोंडाचा मेणाचा चावा — पेशंटनं बोळक्यात मेणाची पट्टी धरून एकदा चावलं की उरतो तो ठसा. त्या ठशात वरचा आणि खालचा जबडा बसवायचा, बिजागरीच्या चौकटीत पक्का करायचा, एवढंच काम, शिकाऊ पोरगीही करील. तिनं दोन्ही चावे धुवायला एकदमच उचलले आणि ठेवताना अदलाबदल झाली. तशी ती कुणाच्याही हातून होते आणि लगेच कळतेही, कारण दुसऱ्याच्या चाव्यात जबडा बसत नाही, डुगडुगतो. डुगडुगला होता. तिनं पाहिलं होतं. मग उठायचं, उजेडात नंबर बघायचे, चावे बदलायचे... पण उठायचं या शब्दापाशीच सगळं अडलं. तिनं मेण दिव्यावर धरलं, जराशी ऊब दिली आणि जबडा अंगठ्यानं दाबून बसवला. मेण बिचारं ऐकतं. दुसराही तसाच दाबला. एरवी मेणातली कवळी एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघतात, तिथं भांडं फुटलं असतं. पण दोघी बायका लांबून येणाऱ्या, म्हणून दंतवैद्यानं तेवढी फेरी वाचवली होती. दयाळू माणूस आहे तो.

थकवा म्हटलं की लोकांना जांभई आठवते. मला जांभई येत नाही. माझी बोटं लांब जातात — दुसऱ्या कुणाची तरी बोटं माझ्या मनगटाला लावून दिल्यासारखी — आणि डोक्यातला विचार अर्ध्यावर येऊन बसून घेतो, उठ म्हटलं तरी उठत नाही. जिना दिसला की मला जिन्याचा राग येतो, तो बांधणाऱ्याचा येतो, माझ्या पुढून दोन दोन पायऱ्या चढत जाणाऱ्या परक्या बाईचा तर इतका येतो की ती वर जाऊन आपटावी असं वाटतं. माझं रक्त टिकत नाही. इतरांच्या तांबड्या पेशी चार महिने जगतात, माझ्या पंधरा-वीस दिवसांत फुटतात. दर तीन आठवड्यांनी कुणा अनोळखी माणसाचं रक्त चढवून घ्यायचं, एक आठवडा माणसासारखं वागायचं, दुसरा आठवडा तसं वागत असल्याचं दाखवायचं, आणि तिसरा ढकलायचा. तो मंगळवार एकविसावा दिवस होता. आजचाही एकविसावाच.

एकोणीस वर्षांची होईपर्यंत याला घरात आळस म्हणत. भांड्यांच्या ढिगापुढं बसल्या बसल्या डोळे मिटले म्हणून आईनं एकदा तिच्या पाठीत धपाटा घातला होता — रक्त आटवलं माझं या कार्टीनं, असं म्हणत... आई तसं सहज म्हणायची, सगळ्यांच्या आया म्हणतात. मग रक्त तपासलं गेलं, डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, आणि त्या रात्री आई तिच्या अंथरुणाशी येऊन बसली, पाय चेपायला लागली. मला काय माहीत होतं गं, म्हणाली. त्यावर ती काय म्हणाली होती? काही नाही आई, असं म्हणता आलं असतं, तीन शब्द तर होते. "तुला कळायला हवं होतं," ती म्हणाली होती. आईचा चेहरा बघून तिला बरं वाटलं होतं, अगदी पोटातून बरं. पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, आईनं तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. माणसाला एकदा त्याचीच चूक पटली की तो फार सोयीचा होतो, हे तिला त्या वयात कळलं.

आईनंतर मास्तर. ते त्रेसष्टचे, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, दात मेणात बसवण्यात त्यांचा हात धरणारा आसपासच्या कुठल्याही लॅबमध्ये नव्हता. कामावर लागली तेव्हा तिनं आपल्या रक्ताचं त्यांनाच पहिल्यांदा सांगितलं, आणि त्यांनी जास्त काही न विचारता ठरवून टाकलं : सकाळचे जबडे तिचे, दुपारनंतरचे त्यांचे. दोन वाजले की ती मागच्या खोलीत, प्लास्टरच्या गोण्यांपलीकडच्या खाटेवर अर्धा तास पडायची आणि तिच्या वाटणीचं काम ते ओढून घ्यायचे. तुझं तू विसरून जा, म्हणायचे, आणि दात कोरून पोट भरत नाही म्हणतात लोक, आपलं बघ कसं भरतंय, हा विनोद आठवड्यातून दोनदा सांगायचे. ती दर वेळी हसायची. उपकारांची सवय झाली की त्यांचा भार वाटत नाही, थोडा कंटाळा मात्र येतो.

त्या मंगळवारी मास्तर दुपारी लॅबमध्ये नव्हते. एक वाजता डोळे दाखवायला गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, आणि हे मालकीणबाईंना कळू नये म्हणून कुणालाच सांगितलं नव्हतं... फक्त तिला. मालकीणबाई त्या दिवशी बाहेरगावी. चार वाजता परत आल्यावर मास्तरांनी विचारलंही होतं, दुपारचं पडलंय का काही? नाही, केलं मी, असं ती तोऱ्यात म्हणाली होती. मला एक दिवस कुणाची दया नको होती, एवढीच हौस. मास्तर हसून, शाब्बास, म्हणाले होते.

आणि पुढच्या महिन्यात मशीन येणार होतं. दात कातून देणारं, संगणकावर चालणारं, थकत नाही असं. त्यानंतर दोन टेबलांची गरज नाही, एकच ठेवायचं, हे मालकीणबाईंनी दोघांनाही समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. कुणाचं, ते महिनाअखेरीला. मास्तरांना इथून काढलं तर मुलाकडं जातील. मला काढलं तर... दर तीन आठवड्यांनी सुट्टी घेणारी आणि रोज दोन वाजता आडवी होणारी बाई कोण ठेवील? घरी बसावं लागेल. नवरा काही बोलायचा नाही, तो कधीच बोलत नाही, नुसता भाजीच्या पिशव्या दाराशी ठेवून एक सुस्कारा टाकतो. दिवसभर घरात आपण, आपलं रक्त आणि संध्याकाळी तो सुस्कारा. छे.

साडेदहाला मालकीणबाई आल्या. त्यांनी डबी बघितली, चिठ्ठी दोनदा वाचली, आवाज चढवला नाही. दोन्ही तबकांवरची तारीख-वेळ बघून, दुपारच्या कामातलं आहे, एवढंच म्हणाल्या. दुपारचं काम कुणाचं ते भिंतींनाही ठाऊक होतं. त्या मास्तरांकडं वळल्या. मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, कवळी नाकाशी नेली आणि, हे माझं काम वाटत नाही, असं म्हणाले. म्हणाले आणि लगेच आपल्याच ठामपणाला बिचकल्यासारखे झाले. मग त्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"त्या मंगळवारी दुपारी मी इथंच होतो का गं?"

खरंच आठवत नव्हतं त्यांना. नजरेत डाव नव्हता, इशाराही नव्हता, नुसता विश्वास होता — बाजारात हात सुटलेलं मूल ज्याच्या त्याच्या तोंडाकडं बघतं तसा — आणि त्या एका क्षणात तिला सगळं सावकाश, निवांत दिसलं : नव्हतात म्हटलं तर कुठं होतात हे निघेल, डोळे निघतील, म्हणजे नव्हतात म्हणणं हाही एक विश्वासघातच, मग होतात म्हणण्यात वाईट काय, उलट मी त्यांचं गुपित राखतेय... हे तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हेही त्याच वेळी ऐकलं, आणि तरी वेळ उरला, मास्तरांच्या सदऱ्याचं दुसरं बटण वेगळ्या दोऱ्यानं शिवलंय हे बघण्याइतका.

"होतात ना, मास्तर," ती म्हणाली. आणि कुणी विचारलेलं नसताना : "मी आत पडले होते. तुमच्या कानशीचा आवाज येत होता मला."

तो आवाज तिनं जागच्या जागी तयार केला होता. सुळा किंचित बाहेर बसवतात तसा — खरा वाटावा म्हणून.

मास्तरांनी मान डोलवली. पहिल्यांदा हळू, मग जोरात, आठवल्यासारखी. मग माझाच हात, म्हणाले. दोन्ही बायकांना माझ्याकडून माफी सांगा, म्हणाले. मालकीणबाई त्यांच्याशी फार मऊ बोलल्या. मास्तर, किती वर्षं राबलात, आता जरा थांबा, अशा बेतानं, आणि जाताना त्यांच्या खांद्याला हात लावून गेल्या. कुणाच्या टेबलाचं काय, हे महिनाअखेरीआधीच ठरून गेलं होतं.

त्या गेल्यावर मास्तर तिच्या टेबलाशी आले. मी वाट बघत होते. आता म्हणतील, तू असं का... आता त्यांना आठवेल. त्यांनी आवाज खाली आणला.

"डोळ्यांचं बोलली नाहीस, बरं केलंस. मी सोमवारी गेलो होतो वाटतं. मला उगाच मंगळवार वाटत होता. आता वारसुद्धा राहत नाहीत बघ डोक्यात."

त्यांनी तिच्यापुढचं तबक सरळ करून ठेवलं, आणि तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझं रक्त आधीच कमी, असंही वर म्हणाले. मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

दोन वाजता ती खाटेवर जाऊन पडली. गोण्यांचा कोरडा वास, भिंतीवरून खाली आलेली ओल. ती वाट बघत होती, थकव्याची. एकविसाव्या दिवशी तो सकाळपासून मानेवर बसलेला असतो, आता तर पाठ टेकली होती. आला नाही. तिनं त्याला अंगभर शोधलं, पिंढऱ्यांत, डोळ्यांमागं, बोटांच्या पेरांत. बोटं तिचीच होती, जवळ होती. श्वास पोटापर्यंत जात होता. मन तर इतकं लख्ख होतं की साडेदहाचा प्रत्येक शब्द त्याच्या उच्चारासकट समोर उभा राहत होता. आजवर माझ्या प्रत्येक वाईट वागण्याला थकवा जामीन राहिला होता — आईला तसं बोलले कारण दमले होते, नवऱ्यावर ताट लोटलं कारण दमले होते, मेण दाबलं कारण दमले होते — आणि लोक मानायचे, मीही मानायची. सकाळी मी दमले नव्हते. तीन आठवड्यांत इतकी जागी मी कधीच नव्हते. मग ते बोललं ते कोण? तर हीच. रक्त काढून घेतलं तरी उरते ती.

ती उठून बसली. आता सांगायचं. आत्ता, याच क्षणी, पाय चालतायत तोवर. पायांनी तिला मधली खोली सहज ओलांडून दिली, भिंतीला हात लावावा लागला नाही.

मास्तर तिच्या टेबलाशी बसून तिच्या वाटणीचे जबडे करत होते. मेणाचा चावा डोळ्यांपासून चार बोटांवर धरलेला, नंबर वाचायची धडपड चाललेली, ओठ हलत होते. एकदा वाचला, तबकावरचा पाहिला, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा. आता ते प्रत्येक जबडा असाच तीनदा बघणार होते, आणि पुढं जिथं कुठं असतील तिथं, स्वतःचा प्रत्येक वार, प्रत्येक आठवण अशीच नाकाशी धरून तीनदा बघणार होते.

"मास्तर," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. "काय गं, उठलीस का? बरं वाटत नाही?"

तोंड उघडलं होतं तिचं. वाक्य तयार होतं, लहानसं, त्या मंगळवारी तुम्ही इथं नव्हतात, एवढं. तिला ते जिभेवर जाणवत होतं.

"खूप दमलेय," ती म्हणाली.

ते लगबगीनं उठले, स्टूल ओढलं, पंखा तिच्याकडं वळवला. ती बसली. खांदे सोडले, मान एका बाजूला जाऊ दिली, श्वास तोंडानं घेतला आणि मध्ये तोडला, पुन्हा घेतला — सगळं पाठ होतं, चाळीस वर्षांचा सराव होता, एक खूण चुकली नाही. मास्तर पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले, उद्या रक्त चढलं की हुशारी येईल, म्हणत. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि हात जरा थरथरू दिले. पुढच्या खेपेला, पुढच्या एकविसाव्या दिवशी, बोटं खरोखर लांब जातील तेव्हा श्वास असाच तुटेल, मान अशीच पडेल... तो श्वास आणि हा श्वास यांतला खरा कोणता, हे ओळखणारं आजवर एकच माणूस होतं, मी, आणि आता त्या माणसाच्या शब्दावर माझा विश्वास राहिला नव्हता.