बसला का?

बटणांच्या डब्यात, कोटाच्या मोठ्या बटणांच्याही खाली, एक काळी रबरी टोपी पडली आहे. ती कुठल्याच कोटाची नाही.

*

मनगटी घड्याळातला लहानात लहान स्क्रू तिळाच्या निम्मा असतो. तो बसवताना श्वास रोखून धरायचा. श्वास सुटला की स्क्रू गेला, आणि जमिनीवर गेलेला स्क्रू देवालाही सापडत नाही.

*

पावाचं पीठ दमेपर्यंत मळायचं असतं. कोण दमेपर्यंत, ते पीठ आणि मळणारी आपसात ठरवतात.

*

बागेच्या तळाशी लिंबाच्या झाडाखाली एक बाक आहे. आहे म्हणजे असावा. गवतातून त्याची नुसती पाठ दिसते.

*

आवाज बसतो. धूळ बसते. धंदा बसतो, धक्का बसतो, हात बसतो. माणूस घरी बसतो. एवढ्या सगळ्यांना आपल्याकडे एकच क्रियापद. काटकसर म्हणा, नाहीतर आळस म्हणा.

*

आता गोष्ट.

घड्याळजी घरी बसला होता. धंदा बसला म्हणून नव्हे. मनगटावर घड्याळ घालणारे कमी झाले होते, तरी जुन्या घड्याळांचे हौशी पुरेसे होते. दुकान त्याने आपणहून बंद केलं, कारण उजव्या हाताला थरथर सुटली. ती आधी चहाच्या कपाला कळली, मग बायकोला, मग डॉक्टरांना आणि सगळ्यात शेवटी त्याला. डॉक्टर म्हणाले, फार वाढणार नाही, पण जाणारही नाही. मग एका दुपारी कुणा बाईंच्या आईच्या घड्याळाचा काटा त्याच्या चिमट्यातून निसटला आणि मोडला. त्याने दुसरा काटा बसवून दिला, मजुरी घेतली नाही, शटर ओढलं आणि घरी येऊन खिडकीपाशी खुर्चीत बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घालून. जणू हात कुणा परक्याचे आणि हा त्यांच्यावर राखणीला बसलेला.

"काय करताय?" बेकरीतून आली की बायको विचारायची.

"काही नाही. बसलोय."

"ते दिसतंय."

बायको बेकरीत पीठ मळायची. मनगटं अशी की बरणीचं झाकण निघत नसलं की आख्खी गल्ली तिच्याकडे यायची. जीभही तशीच. पण खुर्चीतल्या माणसाला ती त्या दिवसांत टाकून काही बोलायची नाही, आणि त्यालाच त्याची जास्त भीती वाटायची. फटकळ बायको गोड बोलायला लागली की समजावं, आपलं काही खरं नाही.

*

"भावोजी, बाहेर या! हत्ती आणलाय तुमच्यासाठी!"

हा बायकोचा धाकटा भाऊ. उभा जन्म पेट्रोल पंपावर गेला, म्हणून घरात सगळे त्याला 'पंप' म्हणतात. त्याची आईसुद्धा.

दारात टेम्पो उभा होता आणि टेम्पोत, दोरांनी करकचून बांधलेला, बागेचा ट्रॅक्टर. शेतातल्या मोठ्या ट्रॅक्टरचं नातवंड शोभेल एवढा. समोर नाक, वर फाटकं सीट, पोटाखाली गवत कापायची पाती. कधीकाळी लाल असावा. आता रंग आणि गंज यांनी त्याचं अंग भावाभावांसारखं वाटून घेतलं होतं आणि मोठा वाटा गंजाला गेला होता.

"हे काय?"

"ट्रॅक्टर," बायको म्हणाली. "मी घेतला. गवत कापायला."

"चालतो?"

बायकोने भावाकडे पाहिलं. भावाने आभाळाकडे पाहिलं.

"चालता असता तर लोकांनी विकला असता का?" बायको म्हणाली.

"मग बंद ट्रॅक्टर घेऊन करायचं काय?"

"राहू दे मागच्या पडवीत. कोंबड्या बसतील त्यावर."

"आपल्याकडे कोंबड्या कुठे आहेत?"

"मग त्याही घेऊ."

"मी त्याला हात लावणार नाही, आधीच सांगतो."

"कुणी म्हटलंय लावा म्हणून? तुम्ही बसा."

'तुम्ही बसा' हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की घड्याळजीला रात्रभर ते शब्द उशीखाली खडा असावा तसे टोचले.

*

दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेल्यावर तो पडवीत गेला. नुसता बघायला, हात खिशात घालून.

पण डोळे कुठे खिशात घालता येतात? डोळ्यांना पहिल्या फेरीतच कळलं: इंजिनातून एक जाड काळी वायर बाहेर आली होती आणि तिचं टोक उघडंच होतं. त्या टोकावर रबरी टोपी असते, ती प्लगवर बसते, तेव्हा कुठे ठिणगी पडते. टोपीच नव्हती.

संध्याकाळी जेवताना त्याने हे सांगितलं. पंप जेवायलाच होता.

"एवढंच ना?" पंप म्हणाला. "उद्या टोपी आणतो, खोचतो, किल्ली मारतो. विषय संपला."

बायकोचा हात भांड्यातल्या डावावर थांबला.

"संपला कसा?" घड्याळजी खवळला. "बंद पडलेलं यंत्र म्हणजे काय दाराची घंटा आहे? आधी सगळं उघडायचं. धुवायचं, पुसायचं, तेल द्यायचं, परत जोडायचं. मग चालू करायचं. चापट मारून चालू करतात ते रेडिओ!"

"मग उघडा," बायको पाठमोरीच म्हणाली आणि डाव पुन्हा फिरायला लागला.

शब्द तोंडातून गेला होता. परत गिळायचा म्हटला तर पंपासमोर घशात अडकला असता.

*

त्याच्या मनातलं हिशेबाचं कोडं असं होतं, की स्क्रू तिळाच्या निम्मा असतो तेव्हा हाताची थरथर डोंगराएवढी होते. पण बोल्ट अंगठ्याएवढा झाला तर?

तर थरथर तिळाएवढी होते. पाना बोल्टच्या डोक्यावर थरथरत येतो, दोनदा टकटक करतो, आणि बसतो. बोल्टला काही कळतसुद्धा नाही.

पहिला बोल्ट निघाला तेव्हा त्याने तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला. मग आत जाऊन स्वयंपाकघरातून एक वाटी आणली.

घड्याळजी लोक सुटा भाग उघडा ठेवत नाहीत. धूळ बसते. त्यावर लहानसं काचेचं टोपण घालतात. ट्रॅक्टरच्या भागांना पुरतील एवढी टोपणं कुठून आणणार? पडवीत जुनी चादर अंथरली गेली. चादरीवर उघडला त्या क्रमाने एकेक भाग, आणि प्रत्येक भागावर उपडी वाटी. वाट्या संपल्यावर पेले. पेले संपल्यावर पातेली.

"अहो, आज जेवायचं कशात?"

"ताटं आहेत की."

"आणि पाणी?"

"ओंजळीने पी. तहान भागल्याशी कारण."

बायको ओठ दाबून आत गेली. तिने भावाला फोन केला आणि घड्याळजीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "पाणी ओंजळीने प्यायला सांगतात मला!" तिचा आवाज ऐकून पंपाला वाटलं, लॉटरी लागली.

पुढचे आठवडे पडवीला रॉकेलचा वास होता. कार्ब्युरेटरची भोकं दातकोरणीने साफ झाली. डोळ्याला लावायचं भिंग पुन्हा डोळ्यावर चढलं आणि त्यातून गंज बघितला गेला. गंज घासून काढला तसा खालून लाल रंग डोकावला, तापातून उठलेल्या पोराच्या गालांसारखा. तेलाची वेळ आली तेव्हा घड्याळजीने सुई घेतली. सुईच्या टोकावर थेंब, थेंब जागेवर.

"भावोजी, याला तेल बाटलीने घालतात. सुईने नाही. असं घालत बसलात तर तोवर गवत आपणच म्हातारं होऊन मरेल."

"तू पेट्रोल भर. तेलात नाक घालू नको."

सीट फाटलं होतं ते बायकोने जुन्या कोटाच्या कापडाने शिवलं. बटणं काढून डब्यात टाकली.

शेवटी जोडणी. प्रत्येक बोल्ट घालून झाला की घड्याळजी पुटपुटायचा, "बसला." मग पुढचा. पडवीतून दिवसभर येणारा तो शब्द, बसला, बसला, बसला, बायको ओट्यापाशी उभी राहून ऐकायची. घरात तोच शब्द इतके महिने होता. पण त्याला अशी चाल नव्हती.

*

पंपाने नवी टोपी आणली, वायरला लावली, प्लगवर खोचली. घड्याळजी सीटवर चढला. शेजारीण कुंपणावर कोपरं टेकून उभी होती, कारण तिला दुसरं काही काम नव्हतं.

किल्ली. खोकला. पुन्हा किल्ली. आणि मग धडधड, अशी की पडवीतली वाट्यांची चळत नाचायला लागली.

"चालला!" पंप ओरडला.

चालला. बागेच्या उतारावरून, छातीएवढ्या गवतात शिरत चालला. लिंबाच्या दिशेने. घड्याळजीची पाठ ताठ होती, नवरदेवासारखी.

पहिल्यांदा डावा मडगार्ड गेला. कुणाचं लक्ष नव्हतं. मग बॉनेट उघडून मागे आलं आणि घड्याळजीला त्यावरून वाकून बघावं लागलं. मग सायलेन्सर गळून पडला आणि अशी तोफ सुटली की शेजारणीची कोपरं कुंपणावरून निसटली. मग सीट हळूच एका बाजूला कललं. घड्याळजीने तोल सावरायला स्टीअरिंग घट्ट धरलं, आणि स्टीअरिंग हातात आलं. ट्रॅक्टर तसाच थोडा पुढे गेला, बाकाला नाक लावून बंद पडला.

गवतात घड्याळजी बसला होता. हातात स्टीअरिंग.

"भावोजी," पंपाला हसू आवरत नव्हतं, "घड्याळ पुढे पळालं हो!"

शेजारीण हसली. बायको धावली. लागलं कुठेच नव्हतं. पण त्याने बायकोच्या हातात स्टीअरिंग दिलं, घरात गेला आणि खिडकीपाशी खुर्चीत बसला. हात मांड्यांखाली.

पंपाचं हसू मध्येच कुठेतरी विझलं. "ताई, मी उगाच..."

"तू गप्प बस. त्यांचं ते स्क्रू शोधायचं लोहचुंबक आण."

*

ती आत आली तेव्हा ओच्यात बोल्ट होते, केसांत कुसळं होती. तिने ओचा टेबलावर रिकामा केला.

"बळ राहिलं नाही हातात," खिडकीकडे बघत तो म्हणाला. "मला आधीच कळायला हवं होतं. विकून टाक तो. नाहीतर कोंबड्या आण."

"एक सांगा. जे अजून पडले नाहीत, तेही मी आत्ता बघितले. माझ्या नुसत्या बोटांनी फिरले. तुम्ही आवळलेत तरी किती?"

"बसेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"बसेपर्यंत म्हणजे बसेपर्यंत!"

"दाखवा."

तो चिडला म्हणून हात बाहेर आला. टेबलावर एक नट पडला होता, त्यात त्याने बोल्ट घातला. पाना दोन बोटांत धरला, अंगठा आणि पहिलं बोट, चिमटा धरावा तसा. श्वास रोखला. पाना फिरवत आणला आणि एका जागी हलकेच थांबला. "बसला," तो म्हणाला आणि श्वास सोडला. "याच्यापुढे गेलं की मुंडकं तुटतं."

"कुणाचं?"

"स्क्रूचं."

"कुठल्या स्क्रूचं?"

घड्याळजीने खाली पाहिलं. समोर अंगठ्याएवढा बोल्ट होता.

बायको आधी नाकातून हसली, मग टेबलाला धरून. "अहो, त्याचं मुंडकं तोडायला बैल लागेल! बळ गेलंय कुठलं? तुमचा हात बसलाय. घड्याळावर बसलाय तो, जन्मभर, आणि अजून तिथून उठायला तयार नाही."

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. हात थरथरत होता, रोजच्यासारखाच. पण मघाशी, पाना थांबला त्या क्षणी, कुठे थांबायचं ते त्या हाताला बरोबर माहीत होतं. फक्त ट्रॅक्टर चुकीचा होता.

"हे तुमचं बसणं," डोळे पुसत बायको म्हणाली, "पाहुण्यासारखं आहे. खुर्चीच्या कडेला टेकायचं, केव्हाही उठता येईल असं. ट्रॅक्टरचा बोल्ट कसा बसायला हवा? जावयासारखा. ऐसपैस. हलवून दाखवा म्हणावं."

"मग तू बसव."

"सुरुवात तुम्ही करा. मला वाकडा जातो."

ते खरं होतं. तिच्या हातून बोल्ट पहिल्याच आट्याला तिरका घुसायचा, आणि त्याचा कधीच घुसायचा नाही. तेव्हा दुपारभर, बाकाला नाक लावून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरभोवती, दोघांचं असं चाललं: तो बोल्ट टेकवायचा, सरळ घालायचा, दोन बोटांनी आणून सोडायचा.

"पाहुणा," तो म्हणायचा.

मग ती पाय रोवून, पीठ मळताना खांदा टाकते तसा खांदा टाकून पाना दाबायची. बोल्ट कण्हायचा.

"जावई," ती म्हणायची.

पंप कुंपणापाशी उभा राहून शेजारणीला सांगत होता की या घरात सगळेच वेडे आहेत, तो एकटा सोडून. शेजारणीने विचारलं, "मग तुम्ही कशाला हसताय?"

*

या वेळी काही पडलं नाही. उतारभर गवत आडवं झालं, बाक पायांसकट बाहेर आला. घड्याळजीने ट्रॅक्टर बंद केला आणि दोघं बाकावर बसले. कापलेल्या गवताचा वास होता, त्यात थोडा रॉकेलचा. त्याचे हात मांडीवर होते. वर.

"शेजारणीचं शिवणयंत्र अडकतंय म्हणे," तो म्हणाला. "त्याचे स्क्रू बरे असतील. मधल्या मापाचे."

"बघा की."

"अगं, पण त्या पहिल्या टोपीचं काय झालं असेल? अशी आपोआप पडत नाही ती."

"जुन्या वस्तू," बायको म्हणाली आणि कपड्यांवरची कुसळं वेचायला लागली. "कुणी सांगावं."

तिने ट्रॅक्टर घेतला त्या दिवशी, विकणाऱ्याच्या अंगणात, तो पहिल्याच किल्लीला चालू झाला होता.