वाजला? ऐकला!

मी एक पाना बोलतोय. सायकलच्या दुकानात तेलकट डब्यात पडलेले असतात ते माझे चुलत भाऊ. माझ्या पोटात स्प्रिंग आहे. मूठ फिरवून आकडा लावला की ती तेवढी ताणली जाते, आणि बोल्ट तेवढाच आवळला गेला की मी ‘टक्’ वाजतो. शिक्षण एवढंच. पण सरकारी कंपनीत चिकटलो आणि जन्माचं कल्याण झालं.

कंपनीचं फाटक एक, आत रस्ते दोन. डावीकडे अणुभट्ट्या बनतात, उजवीकडे उपग्रह. डावीकडचे पाने माणसाएवढे उंच, एकेकाला दोघांनी पेलायचं. ते मला “ए काडी!” म्हणून चिडवायचे. कॅन्टीनमध्ये माणसांचंही तेच. भट्टीवाले म्हणायचे, “तुमचं सगळं हवेत!” उपग्रहवाले म्हणायचे, “आणि तुमचं जळतं!” मग एकाच टेबलावर बसून जेवायचे.

मी उजवीकडच्या पांढऱ्या दालनात कामाला होतो. तिथे धुळीचा कणसुद्धा चालत नाही. माणसं टोपी, झगा, हातमोजे घालून येतात, फक्त डोळे दिसतात. मला हाताळायचे ते फिटरकाका. एकतीस वर्षं नोकरी आणि नावाला एक डाग नाही. त्यांच्या शेजारी उभ्या असायच्या ताई, वयाने काकांच्या अर्ध्या आणि कानाने दुप्पट तिखट. आमच्याकडे रीतच तशी. आवळणारा एक, ऐकणारा दुसरा. मी टक् केलं की काका म्हणायचे, “वाजला?” ताई म्हणायच्या, “ऐकला!” मग बोल्टवर लाल रेघ आणि वहीत दोघांच्या सह्या.

दुसरी रीत माझ्यासाठी होती. काम संपलं की मूठ उलटी फिरवून मला खालच्या खुणेवर उतरवायचं, मगच पेटीत ठेवायचं. ताणलेली स्प्रिंग तशीच राहिली तर ती दमते. दमलेला पाना खोटं बोलतो, बोल्ट पुरता आवळायच्या आधीच टक् करतो. काकांनी मला एकदाही चढलेला ठेवला नव्हता. पेटी बंद करताना मला थोपटायचेसुद्धा.

मग वार्षिक सुट्टीचा आदला दिवस उजाडला. दुसऱ्या दिवसापासून कारखाना नऊ दिवस बंद राहणार होता. दुपारी भिंतीवरच्या फोनवर फाटकावरचा पहारेकरी ओरडला, “काका, घरून निरोप आहे! लेकीला दवाखान्यात नेलंय!” काकांनी मला पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि धावले. मी तसाच चढलेला.

नऊ दिवस! श्वास रोखून उभं राहायला सांगावं आणि सांगणाऱ्याने विसरून जावं, तसं झालं माझं. राग मात्र आला नाही. अहो, आजोबा व्हायला निघालेला माणूस!

सुट्टी संपली, काका आले. मास्कआडूनही हसू मावत नव्हतं. “ताई, नात झाली! नाक माझ्यावर गेलंय बिचारीचं.” बोलत बोलतच त्यांनी मला उचललं. उपग्रहाच्या पंखांचे सोळा बोल्ट आवळायचे होते, आकडा सुट्टीआधीचाच. मूठ त्याच आकड्यावर होती, त्यामुळे त्यांना काही खटकलंच नाही. मी सोळा वेळा वाजलो. सोळाही वेळा लवकर. “वाजला?” “ऐकला!” मला ओरडून सांगायचं होतं, पण देवाने मला शब्द एकच दिलाय, आणि तोही खोटा ठरला होता.

संध्याकाळी मला उतरवताना काकांचा हात थबकला. “ताई... सकाळी मी याला चढवलाच नाही.”

“म्हणजे?”

“चढलेलाच होता. नऊ दिवस.”

ताईंनी पंखांकडे पाहिलं. उद्या सकाळी पंख मिटायचे होते. मग ते बोल्ट आत झाकले जाणार आणि उपग्रह निघून जाणार. ढिल्या बोल्टांमुळे वर गेल्यावर पंख अडकले, उघडले नाहीत तर उपग्रहाला ऊन नाही, वीज नाही, सात वर्षांची मेहनत पाण्यात.

“काका, अठरा दिवस राहिलेत तुमचे निवृत्तीला,” ताई हळूच म्हणाल्या. “लवकर येऊ, दुसऱ्या पान्याने आवळून टाकू. कुणाला कळायचं नाही.”

मोह काकांनाही झाला असणार. पण म्हणाले, “बोल्टांचं निस्तरता येईल गं. याचं काय? उद्या कुणीतरी विश्वासाने याला हातात घेईल. याला थोडंच सांगता येणार आहे की मी बिघडलोय? मलाच सांगायला हवं.”

त्यांनी वहीत लिहिलं: “पाना उतरवायचा राहिला. चूक माझी.” अक्षर जरा वाकडं आलं.

मला तपासणीच्या खोलीत नेलं. मोजणाऱ्या बाईंनी यंत्राला लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “शंभराला सहा कमी.” सोळाही बोल्ट पुन्हा आवळावे लागले. तीन दिवस गेले. मोठ्या साहेबांनी विचारलं, “काका, तुम्ही?” त्या दोन शब्दांनी काका जेवढे खचले तेवढे शिव्यांनी खचले नसते. नियम असा की अशी चूक झाली की महिनाभर हातात पाना धरायचा नाही. काकांच्या हातात महिना नव्हताच. एकतीस वर्षांनी त्यांचं आवळणं तिथेच संपलं, आणि माझंही.

पण उरलेले दिवस ते घरी बसले नाहीत. ताई आवळायच्या, काका कान देऊन उभे राहायचे. “वाजला?” “ऐकला!”

मला वाटलं होतं, आता भंगार. पण ताईंनी साहेबांकडे शब्द टाकला आणि मी शिकणाऱ्यांच्या खोलीत भिंतीवर आलो, मुठीला लाल पट्टी, म्हणजे खऱ्या कामाला बंद. नवे फिटर आधी मला वाजवतात, मग चांगल्या पान्याला, आणि दोन्हींतला फरक हाताने ओळखायला शिकतात. माझं खोटंही कामी येतंय, आणखी काय हवं?

नोकरीच्या शेवटच्या दिवशी काका इथे आले होते. पुढे वर्षभराने कॅन्टीनच्या कर्ण्यावरून “पंख उघडले!” ऐकू आलं आणि भट्टीवाल्यांनीसुद्धा टेबलं बडवली, तेव्हा ते निवृत्त होऊन घरी होते. पण त्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला खुंटीवरून काढलं, मूठ उलटी फिरवून पाहिली. मी खालच्या खुणेवरच होतो. तरी पुन्हा एकदा पाहिली. मग मला थोपटून म्हणाले, “माफ कर रे.”

काका, माफी कसली? मला बोलता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही माझ्या वतीने बोललात. तुमचे उपकार मी कसे फेडू?

आणि तुम्ही, जे आज मला हातात घ्याल, खुशाल वाजवा. फक्त घरून कितीही गोड निरोप आला, तरी जाताना मला उतरवून जा. आणि विसरलात, तर सांगा.