खानावळीतले खेकडे

रंगूबाईच्या हातच्या खेकड्यांना नाकारणारा माणूस मलकापुरात शोधून सापडला नसता. सापडला तो तिच्याच घरात, आणि तोही तिचा नवरा! आता याला काय म्हणावं?

ज्ञानू तोंडानं काही बोलत नसे, हीच तर खरी आग होती. गडी मलायात जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं काढून, लढाई संपल्यावर घरी आला त्याला आता दहा महिने होत आले होते. बायकोनं खेकड्याचं कालवण वाढलं की हा रस्सा ओरपायचा, भाकरी कुस्करून कुस्करून खायचा, आणि खेकडे ताटात जसेच्या तसे ठेवून "पोट भरलं" म्हणून उठायचा. पण बाजारादिवशी कराडला गेला की हरणाबाईच्या खानावळीत बसून हाच माणूस दोन-दोन वाट्या खेकडे खातो, ही बातमी शेजारच्या धोंडुबाईनं आणली. धोंडुबाईच्या नवऱ्यानं डोळ्यांनी बघितलं होतं म्हणे.

"बघून तरी ये एकदा, ती खानावळवाली दिसती कशी," धोंडुबाई पदराआड हसत म्हणाली.

"मेलं तुझं त्वांड," रंगूबाई म्हणाली. पण ती गोष्ट तिच्या मनात जाऊन बसली ती बसलीच.

खेकडे धरणं हे सासऱ्याचं काम. नाथाजी म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीत बिळात हात घालणारा पहिल्या नंबरचा माणूस. तो अवसेच्या आसपासचेच खेकडे आणायचा. चांदण्यातला खेकडा आतनं पोकळ असतो, असं त्याचं ठाम मत होतं. रंगूबाई बारीक पाय पाट्यावर ठेचून, फडक्यातनं पिळून रस काढायची, त्यात भाजलेलं खोबरं, कांदा आणि घरची चटणी घालायची. मोठ्या नांग्या मात्र अख्ख्या ठेवायची. कडाकडा फोडून खाण्यातच तर मजा! आणि त्यातली सगळ्यांत मोठी नांगी आधी सासऱ्याला मिळायची, ती नाथाजीनं ज्ञानू आल्यापासून त्याला द्यायला सांगितली होती. लढाईवरनं आलेल्या लेकाचा मान होता तो. रंगूबाई ती नांगी त्याच्या ताटात अगदी समोर, वर उचलून ठेवायची.

तीच नांगी दर वेळी तशीच परत यायची.

दसरा झाल्यावर मग तिनं हट्टच धरला. एकदा खोबरं वाढवलं. एकदा तीळ घातले. एकदा चिंच. काय घालत असंल ती बया? खसखस? का कसली मुळी? रात्रंदिवस डोक्यात तेच. नवरा घरी येऊनही आपल्या ताटावर परक्यासारखा बसतो, हे तिला सोसत नव्हतं. साडेतीन वर्षं ज्याच्या नावाचं कुंकू लावून, जिवंत आहे का नाही हे ठाऊक नसताना वाट बघितली, त्याला परत आणायला खेकड्याचं कालवण पुरत नाही म्हणजे काय?

शेवटी एका दुपारी, बांगड्या भरायला जाते असं सांगून ती कराडला गेली. बाजाराचा दिवस नव्हता. जेवणाऱ्यांची गर्दी सरली होती. खानावळ म्हणजे पेठेच्या मागच्या अंगाला एक बैठी खोली आणि मागं चूल. चुलीपाशी बसलेली बाई पाहून रंगूबाईचा निम्मा संशय तिथंच विरघळला. साठीची, वाळलेली, कपाळ मोकळं आणि गळ्यात तुळशीची माळ.

"मावशी, हरणाबाई कुठं हायत?"

"म्याच की. का गं?"

"तुमच्या खेकड्याची लय ख्याती ऐकली. म्हनलं, शिकावं."

हरणाबाई खो खो हसायला लागली. "आगं पोरी, मलाच ठावं न्हाई त्ये कसं लागतंय! माळ घातल्याला बारा वर्सं झाली. खेकडा जिभंला लावला न्हाई."

रंगूबाईचे डोळे मोठे झाले. "मग मिठाचं कसं कळतं?"

"मालक गेलं, खानावळ माझ्या गळ्यात पडली. पोट तर भराया पायजे. रोज रांधायचं, रोज आंघूळ करायची आन् देवाला सांगायचं, बाबा, माझा इलाज न्हाई." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मिठाचं म्हनशील तर पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं. मीठ कमी पडलं की मानूस घास घोळवत बसतो. जादा झालं की हात तांब्याकडं जातो. तिखटाचं तर नाकच सांगतंय. बारा वर्सं लोकांची तोंडं बघतीया मी."

असलं शास्त्र रंगूबाईनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती तिथंच पाटावर बसली, आणि हरणाबाईनं उरलेलं कालवण तिच्यापुढं ठेवलं. तिनं बोट बुडवून चाखलं. पुन्हा चाखलं. खोबरं करपलेलं होतं, कांदा कच्चट होता, आणि रस गाळलेलासुद्धा नीट नव्हता. दाताखाली कच लागत होती. यापेक्षा माझं शंभर पटीनं बरं! तिला आनंद झाला, आणि लगेच जास्तच कोड्यात पडल्यासारखं झालं. मग या माणसाला इथं येऊन काय मिळतं?

"मावशी, मलकापूरचा एक लष्करातला मानूस येतो न्हवं तुमच्याकडं?"

"ज्ञानू? उंच, खाकी कोट घालतो त्यो? लय गुणाचा." हरणाबाईचा आवाज एकदम खाली आला. "पहिल्या दिशी आला तवा नांगी हातात घिऊन लय येळ बसला. पुढच्या दातानं धरली, सोडली. इकडं तिकडं बघितलं आन् ताटाखाली सारली. मला काय, लोकांची तोंडं बघायचीच सवं. त्याला दाढा न्हाईत गं. एकबी न्हाई. म्होरचं दात तेवढं हायत, म्हनून कुनाला कळत न्हाई."

रंगूबाईनं पुढ्यातलं कालवण बाजूला सारलं.

"दुसऱ्या खेपंला म्या नांग्या आत बत्त्यानं फोडल्या, मांस काढलं आन् वाटीत घालून म्होरं ठिवलं. त्योबी बोलला न्हाई, मीबी न्हाई. त्येच्यासाठीच करते तेवढं. बाकीच्यांचं त्येंनी फोडावं." मग म्हातारीनं तिच्याकडं नीट बघितलं. "तू कोन गं त्याची?"

"बायकू," रंगूबाई म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

घरी परतताना तिला स्वतःचा असा राग आला की वाटेत ओळखीची माणसं भेटली तरी ती थांबली नाही. दहा महिने! दहा महिने ती त्याच्यापुढं मोठ्यात मोठी नांगी ठेवत होती, वर सासऱ्यादेखत "खावा की, लाजता काय" म्हणत होती. फुटाणे दिले की तो खिशात टाकायचा. घरचा ऊस सोडून गुळाचा खडा चघळायचा. आणि आपण मसाले शोधत फिरलो! अवघ्या गावाच्या चुलीची अक्कल आपल्याला, आणि समोर जेवणाऱ्याचं तोंड कधी बघितलं नाही.

पण पुढं काय करायचं? एकट्या त्याच्या नांग्या फोडून दिल्या तर सासरा विचारणार. सासऱ्याला कळलं की गावाला कळणार, कारण नाथाजीच्या पोटात काही राहत नसे. जे लपवायला तो एवढा आटापिटा करत होता, ते चव्हाट्यावर यायचं.

चार दिवसांनी अवस आली. नाथाजीनं टोपलंभर खेकडे आणले. रंगूबाईनं कालवण केलं, आणि वाढायच्या आधी बत्ता घेऊन सगळ्या नांग्या फोडल्या. सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, स्वतःच्या. एकूण एक. मांस काढून रश्श्यात सोडलं आणि कवच उकिरड्यावर टाकून दिलं.

दुपारी बापलेक जेवायला बसले. नाथाजीनं ताटात हात फिरवला आणि त्याचा चेहराच पडला.

"ह्ये काय? नांग्या कुठं गेल्या?"

"फोडल्या, मामंजी."

"सगळ्या? आगं खेकडं हाय का पिठलं? मी काय बोळका झालोय व्हय?"

"माझ्या दाढा दुखत्यात," रंगूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली. "मला फोडवत न्हाई. मंग म्हनलं, घरात एकालाच येगळं कशाला करायचं? आता आसंच करनार मी."

"तुज्या दाढंपायी आमी आसं खायाचं?" म्हातारा कुरकुरला. पण मग त्यानं एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला गप्प झाला. ज्ञानूचा हात मात्र ताटावर थांबला होता. त्यानं मान वर करून बायकोकडं बघितलं. ती चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होती. मग तो खाली मान घालून जेवायला लागला आणि तीन भाकऱ्या खाऊन चौथी मागितली.

नाथाजी हात धुऊन बाहेर लिंबाखाली आडवा झाला. ज्ञानू उठला नाही.

"कवापासनं दुखती दाढ?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमच्या कवापासनं न्हाईत?"

तव्यावरची भाकरी फुगली, ती रंगूबाईनं काढून ठेवली.

"कैदेतल्या दुसऱ्या सालापास्नं," तो म्हणाला. "मूठभर भात द्यायचं, त्यात निम्मं खडं. आधी हिरड्या सुजल्या, मग एकेक दाढ हालाया लागली. बोटानंच काढायचो." त्यानं दाराबाहेर बघितलं. "आल्यावर समदं म्हनालं, ज्ञानू धडधाकट आला. तू नारळ फोडलास. मग कसं सांगायचं? तीस वर्साच्या गड्याचं बोळकं झालंय म्हनून कुनाला सांगायचं?"

"मला," रंगूबाई म्हणाली. तिचा आवाज रागावल्यासारखा होता, पण तो राग नव्हता. "मला सांगायचं हुतं. बाकी कुनाला सांगू नगा."

ती हात पुसून त्याच्यासमोर येऊन बसली. ज्ञानूनं एकदा बापाकडं बघितलं. म्हातारा घोरत होता. मग त्यानं दाराकडं, उजेडाकडं तोंड केलं आणि बायकोला दिसेल असा मोठा आ केला.