ओहोटीचे पाहुणे

घरी पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो? खुर्चीवरचे कपडे कपाटात कोंबतो, फाटकी गादी नव्या चादरीखाली दडवतो, भिंतीवरच्या ओलीवर कॅलेंडर टांगतो. मंडळी, यात कोणी कोणाला हसू नये, सगळ्यांच्या घरी हेच चालतं. पण एका अख्ख्या गावाला ही सवय लागली तर?

असं एक गाव होतं. लहानसं, समुद्राकाठचं. कधीकाळी तिथल्या धक्क्यावर बोटींना जागा पुरत नसे. मग मासळी कमी झाली, बर्फाचा कारखाना बंद पडला, मुख्य रस्त्यावरची निम्मी शटर्स खाली आली. तरणी मुलं शहराच्या बसमध्ये बसली ती सुटीपुरतीच परतू लागली. उरलेल्या गावाला आधार होता तो समुद्र अडवणाऱ्या जुन्या दगडी भिंतीचा, आणि तीच आतून पोखरली होती.

हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण अळीमिळी गुपचिळी! भरतीला लाट आपटली की भिंतीच्या पोटातून धम्म असा आवाज यायचा, जवळच्या घरांची तावदानं थरथरायची, आणि माणसं काही ऐकलंच नाही असं दाखवून बोलणं पुढे चालू ठेवायची. बाहेर कळलं तर लॉजवर कोण उतरेल? घरांना गिऱ्हाईक कुठून मिळेल? आणि सगळ्यात मोठी भीती तर कोणी उच्चारतही नसे. सरकारच म्हणालं की हे गाव आता वाचत नाही, उठा इथून, तर जायचं कुठे?

म्हणून गावाने एक रीत पाडली होती. बाहेरचा कोणी मोठा माणूस यायचा असला की त्याला ओहोटीची वेळ द्यायची. ओहोटीला समुद्र लांब गेलेला असतो, वाळू मोकळी असते आणि भिंत मुकाट असते. पाहुणा खूश होऊन जायचा.

पडझड झालेली किनाऱ्यावरची गावं पुन्हा उभी करायला सरकारने निधी काढला, तेव्हा पाहणीची समितीसुद्धा ओहोटीलाच आली. चकाचक गाव बघून गेली, आणि पैसा गेला शेजारच्या गावाला! आता दुसरी फेरी होती, आणि तीच शेवटची.

नगरपालिकेत बैठक बसली. नगराध्यक्षांचं रंगाचं दुकान होतं, त्यामुळे त्यांना सगळे रंगवालेच म्हणत.

"ओहोटी सकाळी आहे," लॉजवाला म्हणाला. "फिरवून आणू, माझ्याकडे जेवायला घालू, आणि भरती चढायच्या आत गाडीत बसवून देऊ."

"खचलेल्या फुटपाथचं काय?"

"कुंड्या मांडू."

"आणि भिंतीच्या भेगा?"

"निळा रंग, दोन हात," रंगवाले म्हणाले. "तेही माझ्या खर्चाने."

"अहो, पण आपल्याला मदत मागायचीय ना?" कोपऱ्यातून कोणीतरी विचारलं.

"मदत चांगल्या गावाला मिळते हो," लॉजवाला म्हणाला, "रडक्या गावाला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. रंगवाले मात्र घरी येऊन ताटावरून तसेच उठले.

त्याला कारण होतं. त्यांची मुलगी भिंतीला लागून असलेल्या जुन्या इमारतीत पाळणाघर चालवायची. मासळीच्या शेडमध्ये कामाला जाणाऱ्या बाया आपली पोरं तिच्याकडे ठेवत. रंगवाल्यांची नातही तिथेच झोपायची. मुलीने विचारलं होतं, "बाबा, पाळणाघर हलवू का? नगरपालिकेचं सभागृह रिकामंच तर असतं." त्यावर ते म्हणाले होते, "समिती येऊन जाऊ दे गं. आत्ता हलवलंस तर लोक विचारतील, का हलवलं म्हणून." आपण हे बोललो कसे, याची त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती.

त्यातच दाढ ठणकायला लागली. गावात दातांची डॉक्टर एकच, ती त्यांची थोरली बहीण. जिभेने तिखट, हाताने हलकी.

"कुठे दुखतंय?" ताईने विचारलं.

"कुठे नाही. सहज आलो."

"दातांच्या डॉक्टरकडे सहज कोणी येत नाही, धाकट्या. आ कर."

तिने एका दाढेवर हलकेच टकटक केलं आणि गावचे प्रथम नागरिक खुर्चीतून हातभर उडाले. "आई गं!"

"बघ! माझे निम्मे पेशंट अस्सेच. येताना घासूनघासून दात चमकवतात, आणि कुठे दुखतंय विचारलं की म्हणतात, काही नाही. सगळी त्या मशीनची भीती. मग मी काय वरवर बघून पाठवून देऊ?" तिने त्यांच्या तोंडात कापूस कोंबला. आता समोरचा बोलू शकत नव्हता, आणि ताईला नेमकं हेच हवं होतं. "तुझ्या त्या समितीला तरी काय दिसणार? रंग! ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही आपल्या गावाची खोडच आहे."

रंगवाल्यांनी कापूस ओढून काढला. "ताई, आपलेच दात आणि आपलेच ओठ. चारचौघांत गावाची अब्रू कशी काढू?"

"दात आपले, ओठ आपले, मग कीड काय शेजाऱ्यांची?"

"आणि ते म्हणाले की गाव वाचणार नाही, तर?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

ताईने हातातलं हत्यार खाली ठेवलं. "ती भीती मलाही वाटते रे. माझाही दवाखाना इथेच आहे. पण तुझ्या रंगाने भिंत थांबलीय का? आणि हा निधी काय कुणा साहेबाच्या खिशातला आहे? तुझ्यामाझ्या करातला आहे तो, त्या शेडमधल्या बायांच्याही. हक्काचं मागताना लाजायचं कशाला? दुखतंय तिथे बोट ठेवल्याशिवाय औषध मिळत नाही." मग हळूच विचारलं, "भरतीच्या वेळी कधी गेलास पाळणाघरात?"

रंगवाल्यांनी कापूस उचलून स्वतःच पुन्हा तोंडात कोंबला. ते नातीला बघायला रोज जात, पण कसे कोण जाणे, वेळ नेहमी ओहोटीची असे. स्वतःच्या नातीकडेसुद्धा ते ओहोटीचे पाहुणे होऊनच जात होते!

समिती ठरल्या दिवशी आली. दोन साहेब आणि त्यांच्या प्रमुख, पिकल्या केसांच्या एक बाई. सगळं ठरल्यासारखं पार पडलं. कुंड्या डुलत होत्या, निळी भिंत उन्हात झळकत होती, समुद्र शहाण्या मुलासारखा लांब बसला होता. लॉजवर जेवणं झाली. हात पुसत बाई म्हणाल्या, "खरं सांगू? यादीत तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली गावं पुष्कळ आहेत. तुम्ही बाकी छान सांभाळलंय सगळं!"

लॉजवाल्याला कौतुकाने हसू फुटलं. हेच, अगदी हेच रंगवाल्यांनी मागच्या वेळीही ऐकलं होतं. बाहेर ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता. त्याच्या मागे धक्क्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा," मुलगी घाईघाईने म्हणाली, "आज आवाज नेहमीपेक्षा मोठा येतोय. मला भीती वाटतेय हो." आणि तिच्या मागून, फोनमधूनसुद्धा, ऐकू आलं. धम्म!

रंगवाले उठले.

"मॅडम, तुम्ही आमचं गाव पाहिलंच नाहीत."

"अहो, काय करताय!" लॉजवाल्याने त्यांची बाही ओढली.

"सोडा मला! मॅडम, आम्ही सगळ्यांना ओहोटीलाच बोलावतो. आता भरती चढतेय. थोडा वेळ माझ्याबरोबर चला."

पाळणाघरात पोरं बुटक्या टेबलाभोवती दूध पीत बसली होती. बाई दारातच थांबल्या. कोणी काही सांगितलं नाही, खूण केली नाही. पण एकाएकी सगळ्या पोरांनी आपापले पेले दोन्ही हातांनी उचलून धरले. आणि मग, धम्म! टेबल हललं, पायाखालची फरशी हादरली, छतातून चुन्याची भुकटी गळली. पोरांनी पेले परत खाली ठेवले आणि दुधाच्या मिशा पुसत गप्पा सुरू केल्या.

"हे त्यांना कोणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही," रंगवाल्यांची मुलगी म्हणाली. "दूध सांडतं ना, म्हणून आपलीआपण शिकली. लाट यायची त्यांना आधीच कळते."

रंगवाल्यांची नजर पाळण्याकडे गेली. भिंतीकडच्या कोपऱ्यात त्यांची नात पाळण्यात शांत झोपली होती. एवढ्या आवाजाने तिची पापणीसुद्धा हलली नव्हती. आपण भीतीपायी गप्प बसलो, आणि या लेकरांना भीतीची सवय लावून बसलो!

बाईंनी भिंतीला तळहात टेकवला. पुढची लाट आपटली तसा त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"हे मागच्या वेळी का नाही दाखवलंत?"

"भीती वाटली. तुम्ही गावच मोडीत काढाल म्हणून."

"तसंही होऊ शकतं," बाई स्पष्टच म्हणाल्या. "मी खोटं आश्वासन देणार नाही. पण जे मला दिसलंच नाही, त्यासाठी पैसा मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ? मुलांना आजच इथून हलवा."

मुलं त्याच संध्याकाळी सभागृहात गेली. गाव मात्र रंगवाल्यांवर उलटलं. "हात दाखवून अवलक्षण करून घेतलं!" असं त्यांना तोंडावर ऐकवलं. लॉजवाल्याने बोलणं टाकलं, दुकानातली गिऱ्हाइकं आटली. सरकारकडून ना हो आलं, ना नाही. रंगवाले रोज धक्क्यावर जाऊन उभे राहत, आणि आता भरतीलाच जात. आपण गाव वाचवलं की बुडवलं, हे त्यांना कळत नव्हतं.

मग उधाण आलं. वारा सुटलेली ती दुपार गाव विसरणार नाही. धम्म, धम्म असा आवाज येत राहिला, आणि मग कडाड! माणसं धावली. पाळणाघरामागची भिंत आत कोसळली होती. जिथे पाळणा असायचा तो कोपरा दगडांनी भरला होता आणि त्यावरून पाणी फेसाळत जात होतं. बुटकं टेबल कुठे दिसतही नव्हतं.

मुलगी लेकीला छातीशी घट्ट धरून दूर उभी होती. भिंतीचा एक भलामोठा तुकडा दारातच पडला होता, नव्या निळ्या रंगाचा. रंग कुठेही उडाला नव्हता.

रंगवाले मटकन खाली बसले. लॉजवाला आला, त्यांच्या शेजारी चिखलातच बसला आणि त्याने त्यांचा हात धरला.

"पोरं आत असती तर..." एवढंच तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

वाचकहो, गाव लहान असो वा मोठं, पडक्या भिंतीची लाज कसली? ती झाकून ठेवण्याची लाज वाटायला हवी. सरकारी पैसा म्हणजे भीक नाही, तो आपलाच आहे. पण तो मागायचा तर दुखणं उघडं करून दाखवण्याचं धाडस आपल्याला करावंच लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण झाकल्या मुठीत कोणी काही ठेवू शकत नाही!

निधी मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा रंगवाले ताईच्या खुर्चीत होते. आधी भिंत, मग धक्का, आणि बर्फाच्या कारखान्याच्या जागी तरुणांना काम देणारी बोटदुरुस्तीची शाळा. अर्धं तोंड बधिर, डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. ताईने फोन त्यांच्या कानाशी धरला होता.

"मोजमापाला इंजिनियर पाठवतोय," पलीकडून आवाज आला. "कोणत्या वेळी पाठवू?"

"भरतीला," रंगवाले म्हणाले. "भरतीलाच पाठवा."